शालेय मानसशास्त्रज्ञांची व्यावसायिक संघटना आणि स्वयंसेवी समित्यांचे कार्य : अमेरिकेतील 'नॅस्प'च्या संदर्भात

प्रास्ताविक

व्यावसायिक संघटना म्हटली की सामान्यतः तिचे अध्यक्ष, वार्षिक अधिवेशन आणि नियतकालिक यांचाच विचार केला जातो. संघटनेच्या कार्याचा मोठा भाग ज्या समित्या पार पाडतात, त्यांची दखल बहुधा अहवालाच्या शेवटच्या पानांवर नावांच्या यादीपुरती घेतली जाते. महाविद्यालयीन प्राध्यापकांना अभ्यासमंडळे, परीक्षा समित्या आणि चौकशी समित्या यांचा अनुभव असल्याने समिती ही संस्था त्यांना नवी नाही. तिच्याविषयी फारसा उत्साहही त्यांच्यात आढळत नाही. तथापि एखादा व्यवसाय स्वतःचे निकष स्वतः ठरवू पाहतो, तेव्हा ते निकष प्रत्यक्षात कोण लिहितो, कोणत्या वेळात लिहितो आणि कोणाच्या अनुभवाच्या आधारे लिहितो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील 'नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स' (यापुढे 'नॅस्प') या संघटनेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. पंचवीस हजारांच्या आसपास सदस्य असलेल्या या संघटनेचे कार्यालय मेरीलँड राज्यातील बेथेस्डा येथे असून तेथे पगारी कर्मचारी आहेत. परंतु निकषांचे मसुदे, आचारसंहितेचा अर्थ, आपत्तीच्या प्रसंगी शाळांना द्यावयाचे मार्गदर्शन आणि विधिमंडळांपुढे मांडावयाची बाजू या सर्व बाबतींत निर्णायक वाटा मानसेवी सदस्यांचा राहिला आहे. हे सदस्य दिवसा शाळांत मुलांच्या चाचण्या घेतात किंवा विद्यापीठांत शिकवतात आणि समितीचे काम उरलेल्या वेळात करतात. संघटनेचे बळ या व्यवस्थेत आहे आणि तिची नाजूक बाजूही याच व्यवस्थेत आहे.

संघटनेचा उगम

शालेय मानसशास्त्राचा आरंभ सामान्यतः लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू केलेल्या मानसशास्त्रीय चिकित्सालयापासून मानला जातो. 'शालेय मानसशास्त्रज्ञ' या पदनामाने नेमणूक झालेली पहिली व्यक्ती म्हणून आर्नल्ड गेझेल यांचा उल्लेख केला जातो. त्यांची नेमणूक १९१५ मध्ये कनेक्टिकट राज्यात झाली होती. पुढे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये ('एपीए') शालेय मानसशास्त्राचा सोळावा विभाग स्थापन झाला. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथे, थेयर हॉटेलमध्ये भरलेल्या परिषदेने या व्यवसायाच्या शिक्षणाचा प्रथमच सविस्तर विचार केला आणि डॉक्टरेट व त्याखालील अशा दोन पातळ्यांवर कार्य करणारे व्यावसायिक असावेत, अशी मांडणी केली.

ही दोन पातळ्यांची मांडणी पुढील सर्व वादांचे मूळ आहे. एपीएच्या दृष्टीने 'मानसशास्त्रज्ञ' ही संज्ञा डॉक्टरेटधारकासाठी राखलेली होती. शाळांत प्रत्यक्ष काम करणारे बहुसंख्य लोक मात्र पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, पण डॉक्टरेट नसलेले होते. ज्या संघटनेत आपल्याला पूर्ण सदस्यत्वही मिळत नाही ती आपले हित कसे पाहणार, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ओहायोतील राज्य संघटनेने पुढाकार घेतला, १९६८ मध्ये कोलंबस येथे विचारविनिमय झाला आणि १९६९ च्या मार्च महिन्यात सेंट लुइस येथे नॅस्पची स्थापना झाली. आरंभीच्या काळात संघटनेजवळ कायमस्वरूपी पगारी कर्मचारीवर्ग नव्हता. पत्रव्यवहार, सदस्य-नोंदणी, वृत्तपत्राचे संपादन ही सर्व कामे पदाधिकारी आणि समिती सदस्य आपापल्या गावी बसून करीत. म्हणजे येथे समित्या आधी आल्या आणि कार्यालय नंतर आले. हा क्रम लक्षात ठेवला असता संघटनेच्या पुढील वाटचालीतील अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

१९७५ मध्ये अपंगत्व असलेल्या सर्व मुलांच्या शिक्षणाचा कायदा अमेरिकेत संमत झाला आणि मुलाला विशेष शिक्षणाची गरज आहे किंवा नाही, हे ठरवण्यासाठी मूल्यमापन अनिवार्य झाले. त्यामुळे शालेय मानसशास्त्रज्ञांची मागणी वाढली. त्याचबरोबर त्यांच्या कामाकडे न्यायालयांचेही लक्ष वळले. कॅलिफोर्नियातील 'लॅरी पी. विरुद्ध राइल्स' या खटल्यात १९७९ मध्ये न्यायालयाने कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांसाठीच्या वर्गांत टाकण्यासाठी बुद्धिमापन चाचण्यांचा वापर करण्यास मनाई केली. चाचणी घेणाऱ्याच्या एका अहवालावर मुलाचे उर्वरित शालेय आयुष्य अवलंबून असते, हे त्या निकालाने सर्वांपुढे आणले. अशा व्यवसायाला स्वतःचे लेखी निकष असणे आवश्यकच होते.

निकषांचे लेखन

नॅस्पचे व्यावसायिक निकष साधारणपणे दर दहा वर्षांनी नव्याने लिहिले जातात. अलीकडील आवृत्त्या २०००, २०१० आणि २०२० या वर्षांच्या आहेत. त्यांत चार दस्तऐवज येतात: प्रशिक्षण अभ्यासक्रमांचे निकष, व्यावसायिकांच्या पात्रतेचे निकष, आचारसंहिता आणि सेवांचे 'प्रॅक्टिस मॉडेल' म्हणून ओळखले जाणारे प्रारूप. शालेय मानसशास्त्रज्ञाने कोणती कामे करावीत याची दहा क्षेत्रे या प्रारूपात दिली आहेत आणि पाचशे विद्यार्थ्यांमागे एक शालेय मानसशास्त्रज्ञ असावा, असे प्रमाण त्यात सुचवले आहे. पात्रतेच्या निकषांनुसार पदवीनंतर किमान साठ श्रेयांकांचे शिक्षण आणि १२०० तासांची आंतरवासिता अपेक्षित आहे. त्यांपैकी किमान ६०० तास शाळेत पूर्ण करावे लागतात.

हे आकडे कागदावर साधे दिसतात. प्रत्येक आकड्यामागे मात्र निरनिराळ्या हितसंबंधांची ओढाताण असते. आंतरवासितेचे तास वाढवले तर ग्रामीण भागातील विद्यापीठांना विद्यार्थी मिळणे कठीण होते. कमी केले तर शाळांना अपुरी तयारी झालेला माणूस मिळतो. प्रमाण पाचशेस एक असे ठेवले तर शाळांचे प्रशासक ते अशक्य म्हणून बाजूला सारण्याची शक्यता असते. सैल केले तर अपुऱ्या नेमणुकांना संघटनेचीच संमती आहे, असा अर्थ निघतो. म्हणून मसुदा लिहिणाऱ्या गटात विद्यापीठातील प्राध्यापक, शाळांत काम करणारे आणि राज्यस्तरावर पात्रतेची कामे पाहणारे असे वेगवेगळे लोक असावे लागतात. मसुदा तयार झाल्यावर तो सदस्यांपुढे ठेवला जातो, अभिप्राय मागवले जातात आणि समिती पुन्हा लेखनास बसते. अखेरची मान्यता राज्याराज्यांतून निवडून आलेल्या प्रतिनिधींचा सहभाग असलेल्या नेतृत्वाकडून घेतली जाते.

एखाद्या सल्लागार संस्थेला पैसे देऊन असा मसुदा तयार करून घेणे अशक्य नाही. तो कदाचित अधिक सुबकही होईल. परंतु ज्याला दोन किंवा तीन शाळा सांभाळताना एका दिवसात किती मुलांशी खरोखर बोलता येते हे ठाऊक आहे, त्याच्या हातून लिहिल्या गेलेल्या वाक्याला शाळेत वेगळे वजन प्राप्त होते. मुख्याध्यापकापुढे निकषांची प्रत ठेवणारा शालेय मानसशास्त्रज्ञ ती आपल्याच व्यवसायातील माणसांनी लिहिलेली आहे, असे सांगू शकतो.

निकष लिहून झाल्यावरही समित्यांचे काम संपत नाही. विद्यापीठांतील प्रशिक्षण अभ्यासक्रम या निकषांनुसार आहेत की नाहीत, हे तपासण्यासाठी परीक्षक लागतात. अभ्यासक्रमाची कागदपत्रे, आंतरवासितेच्या नोंदी, विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाचे नमुने असे शेकडो पृष्ठांचे साहित्य त्यांना वाचावे लागते. राष्ट्रीय पातळीवरील 'एनसीएसपी' हे प्रमाणपत्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. दर तीन वर्षांनी पंचाहत्तर तासांच्या व्यावसायिक उद्बोधनाचा पुरावा देऊन त्याचे नूतनीकरण करावे लागते. तीसहून अधिक राज्ये पात्रता ठरवताना या प्रमाणपत्राची कोणत्या ना कोणत्या स्वरूपात दखल घेतात. नॅकच्या भेटीपूर्वीची धावपळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या परीक्षकांच्या कामाची कल्पना सहज यावी. फरक एवढाच की येथे परीक्षक स्वतःही त्याच व्यवसायात रोज राबत असतो.

आचारसंहिता आणि समितीच्या अधिकाराची मर्यादा

नॅस्पची आचारसंहिता प्रथम १९७४ मध्ये तयार झाली. तिच्या अंमलबजावणीसाठी असलेल्या समितीकडे दोन प्रकारची कामे येतात. पहिले म्हणजे सदस्यांच्या शंकांना उत्तर देणे आणि दुसरे म्हणजे तक्रारींची चौकशी. बाहेरच्या माणसाला दुसरे काम अधिक महत्त्वाचे वाटते. व्यवसायाच्या दृष्टीने पहिले काम अधिक मोलाचे आहे.

शालेय मानसशास्त्रज्ञ ज्या पेचांत सापडतो ते समजून घेतले पाहिजेत. त्याला पगार शाळा-प्रशासन देते, त्याची बांधिलकी मात्र मुलाशी असते. मुलाच्या आईवडिलांना चाचणीच्या प्रश्नपत्रिकेसह सर्व नोंदी पाहण्याचा हक्क हवा असतो. चाचणीचा प्रकाशक तिच्या गोपनीयतेचा आग्रह धरतो. एखादे किशोरवयीन मूल विश्वासाने काही सांगते आणि ते गुप्त ठेवणे धोक्याचे आहे की उघड करणे धोक्याचे आहे, हे त्याच दुपारी ठरवावे लागते. विशेष शिक्षणाचा खर्च वाढतो म्हणून अहवालातील शिफारस सौम्य करावी, असे वरिष्ठ सुचवतात. अशा वेळी शाळेत त्या व्यवसायाचा दुसरा माणूस बहुधा नसतोच. शिक्षकाला शिक्षक-कक्ष असतो. शालेय मानसशास्त्रज्ञ बहुतेक ठिकाणी एकटाच असतो. ज्याला विचारता येईल असा, नियमांचा जाणकार आणि त्याच स्वरूपाच्या प्रसंगांतून गेलेला सहव्यावसायिक समितीच्या रूपाने उपलब्ध होतो. अशा सल्ल्याने किती चुका टळल्या याची मोजदाद करता येत नाही आणि म्हणूनच अहवालात हे काम लहान दिसते.

तक्रारींच्या बाबतीत समितीच्या अधिकाराची मर्यादा स्पष्ट आहे. ती केवळ संघटनेचे सदस्य किंवा संघटनेचे प्रमाणपत्र धारण करणारे यांच्याविषयीच विचार करू शकते. राज्याने दिलेला परवाना ती काढून घेऊ शकत नाही आणि कोणाला नोकरीवरून दूर करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. संबंधितांनी शक्यतो आपसात बोलून प्रश्न सोडवावा, यावर संहितेचा भर आहे. टीकाकार याला दुबळेपणा म्हणतात आणि ज्या पालकांना न्याय हवा असतो त्यांना ही प्रक्रिया अपुरी वाटणे स्वाभाविक आहे. तरीही मानसेवी सदस्यांच्या समितीच्या हाती दंडाधिकार देणे सुज्ञपणाचे ठरले नसते. ज्यांना साक्षीदार बोलावण्याचा अधिकार नाही, ज्यांच्याजवळ चौकशीसाठी स्वतंत्र यंत्रणा नाही, त्यांनी कोणाच्या उपजीविकेचा निवाडा करू नये, हेच बरे.

आपत्तीच्या प्रसंगी

समित्यांचे जे कार्य समाजाच्या नजरेस सर्वाधिक आले ते शाळांतील आपत्तींसंबंधीचे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून नॅस्पचे राष्ट्रीय आपत्कालीन साहाय्य पथक कार्यरत झाले. शाळेतील गोळीबार, नैसर्गिक आपत्ती, विद्यार्थ्याचा आकस्मिक मृत्यू अशा प्रसंगी स्थानिक शाळांना सल्ला देणे, हे या पथकातील अनुभवी सदस्यांचे काम. या अनुभवातून २००६ मध्ये 'प्रिपेअर' नावाचा प्रशिक्षणक्रम तयार झाला. शाळेची सुरक्षा योजना आणि आपत्तीनंतर मुलांना द्यावयाचे मानसिक साहाय्य अशा दोन कार्यशाळांमध्ये तो विभागलेला आहे. प्रशिक्षित सदस्य पुढे आपल्या परिसरात प्रशिक्षक होतात, त्यामुळे एका कार्यालयाला जे कधीच शक्य झाले नसते ते पसरत गेले.

या कार्यात समितीने केलेली एक निवड विशेष उल्लेखनीय आहे. प्रत्येक बाधित मुलाला सरसकट सखोल समुपदेशन देण्याचा मोह आपत्तीनंतर सर्वांनाच होतो. या प्रशिक्षणक्रमात मात्र आधी कोणाला किती इजा पोहोचली याची पाहणी करावी, बहुसंख्य मुलांना त्यांचे पालक, शिक्षक व मित्र यांचा आधार पुरेसा असतो हे ओळखावे आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्याकडे मनुष्यबळ वळवावे, असा क्रम सांगितला आहे. मनुष्यबळ किती अपुरे असते हे ठाऊक असलेल्यांनी लिहिलेला हा क्रम आहे, हे तो वाचताना जाणवते.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील सँडी हुक प्राथमिक शाळेतील हत्याकांडानंतर अमेरिकेत शाळांना सशस्त्र पहारा द्यावा की नाही याविषयी तीव्र वाद सुरू झाला. २०१३ मध्ये नॅस्पने मुख्याध्यापक, समुपदेशक, शालेय समाजकार्यकर्ते आणि शाळांत नेमलेले पोलीस अधिकारी यांच्या संघटनांसह सुरक्षित शाळांविषयी एक संयुक्त आराखडा प्रसिद्ध केला. शारीरिक सुरक्षा आणि मानसिक सुरक्षा या दोन्हींचा एकत्र विचार व्हावा, अशी त्याची भूमिका होती. परस्परभिन्न भूमिका असलेल्या संघटना एका मसुद्यावर येऊ शकल्या याचे श्रेय काही अंशी अशा संयुक्त कामाच्या जुन्या सवयीला द्यावे लागेल.

पदनामाचा प्रश्न

संघटनेच्या अस्तित्वालाच हात घालणारा प्रसंग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उद्भवला. मानसशास्त्रज्ञांच्या परवान्यासंबंधी राज्यांनी कोणत्या स्वरूपाचा कायदा करावा, याचा एक आदर्श नमुना एपीए प्रसिद्ध करते. १९८७ च्या नमुन्यात शाळांत काम करणाऱ्यांसाठी एक अपवाद होता: राज्याच्या शिक्षण विभागाने पात्र ठरवलेली व्यक्ती डॉक्टरेट नसतानाही शाळेत 'शालेय मानसशास्त्रज्ञ' हे पदनाम वापरू शकत असे. नमुन्याच्या फेरविचाराच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या मसुद्यातून हा अपवाद वगळण्यात आला.

हा नमुना कोणत्याही राज्यावर बंधनकारक नव्हता. तरीही राज्यांचे कायदे बदलण्यासाठी तो आधार ठरू शकला असता आणि ज्यांनी आयुष्यभर हे काम केले त्यांच्यापैकी बहुसंख्यांचे पदनाम धोक्यात आले असते. पदनाम गेल्यावर काम राहते का, हा प्रश्न वाटतो तितका शाब्दिक नाही. विशेष शिक्षणाच्या मूल्यमापनासाठी राज्यांच्या नियमांत अनेक ठिकाणी 'शालेय मानसशास्त्रज्ञ' असाच उल्लेख आहे. ते नाव धारण करणारा माणूस शाळेत नसेल तर मुलाचे मूल्यमापन लांबते आणि मूल वर्गात मदतीविना बसून राहते.

अभिप्राय मागवण्यात आले तेव्हा शासकीय व व्यावसायिक संबंधविषयक समिती आणि राज्य प्रतिनिधी यांनी सदस्यांपर्यंत माहिती पोहोचवली, मुद्दे समजावून दिले आणि आपल्या कामाचे वर्णन करून स्वतःच्या शब्दांत मत नोंदवण्यास सांगितले. हजारो अभिप्राय दाखल झाले. फेब्रुवारी २०१० मध्ये एपीएच्या परिषदेने स्वीकारलेल्या अंतिम नमुन्यात शाळांसाठीचा अपवाद कायम राहिला. या निर्णयामागे इतरही कारणे असू शकतात. परंतु प्रत्येक राज्यात ओळखीचा प्रतिनिधी आणि प्रत्येक राज्य संघटनेत काम करणारी समिती नसती, तर एवढ्या अल्पावधीत एवढे लोक लिहिते झाले नसते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. या वादात एपीएची बाजू पूर्णतः अन्यायाची होती, असे मानण्याचे कारण नाही. 'मानसशास्त्रज्ञ' या शब्दाचा अर्थ समाजात एकच असावा, रुग्णाची वा पालकाची दिशाभूल होऊ नये, हा विचार रास्त आहे. दोन्ही बाजूंचे लोक मुलांच्या हिताचेच नाव घेत होते आणि त्या नावाखाली आपापल्या पदवीचेही रक्षण करीत होते. व्यावसायिक संघटनांच्या इतिहासात हे दोन हेतू वेगळे करणे नेहमीच कठीण जाते.

पगारी कार्यालय आणि मानसेवी सदस्य

कार्यालय मोठे झाल्यावर समित्यांची गरज कमी होईल, अशी अपेक्षा असू शकते. प्रत्यक्षात दोहोंचे नाते अधिक गुंतागुंतीचे झाले. पगारी कर्मचारी वर्षानुवर्षे त्याच जागी असतात. समितीचे अध्यक्ष व सदस्य बदलत राहतात. साहजिकच जुने निर्णय, जुनी पत्रे आणि जुने वाद यांची स्मृती कार्यालयाजवळ जमा होते. मानसेवी सदस्याने मोठ्या उत्साहाने मांडलेली कल्पना काही वर्षांपूर्वी करून पाहिली होती, हे त्याला कर्मचाऱ्याकडून कळते. याचा दुसरा अर्थ असा की कोणती कल्पना पुढे जाईल हे ठरवण्याची सूक्ष्म सत्ता पगारी माणसांकडे सरकते.

हा समतोल राखण्यासाठी ज्या साध्या गोष्टी उपयोगी पडतात त्या कोणत्याही संस्थेत सारख्याच आहेत. समितीला एक निश्चित काम हवे. सदस्यत्वाची मुदत ठरलेली हवी. निवृत्त होणाऱ्या सदस्याने आपल्या कामाचे टिपण पुढच्याच्या हाती द्यायला हवे. कायमस्वरूपी समितीपेक्षा विशिष्ट कामापुरता नेमलेला आणि काम संपताच विसर्जित होणारा कार्यगट अनेकदा अधिक फलदायी होतो, कारण त्यात 'आता काय करायचे' हा प्रश्न बैठकीच्या आरंभी विचारावा लागत नाही. अधिवेशनासाठी आलेले शोधनिबंधांचे प्रस्ताव वाचणारे परीक्षक हे याचे चांगले उदाहरण आहे: काम मोजके, मुदत ठरलेली, शेवट दिसणारा. नवखे सदस्य बहुधा याच वाटेने आत येतात आणि काही वर्षांनी त्यांच्यातील एखादा मोठ्या समितीचा अध्यक्ष होतो.

वेळेची टंचाई

या व्यवस्थेपुढील सर्वांत मोठी अडचण तिच्या रचनेतच आहे. नॅस्पने सुचवलेले प्रमाण पाचशेस एक आहे, पण अमेरिकेतील प्रत्यक्ष राष्ट्रीय प्रमाण हजाराहून अधिक विद्यार्थ्यांमागे एक असे राहिले आहे आणि काही राज्यांत ते पाच हजारांच्या जवळ जाते. ही तूट कमी व्हावी म्हणून समित्या झटतात. परंतु दुप्पट मुलांचा भार वाहणाऱ्या माणसाजवळ समितीसाठी वेळ उरणार कोठून? जेथे टंचाई सर्वाधिक, तेथील माणसाचा अनुभव समितीला सर्वाधिक हवा असतो आणि नेमका तोच बैठकीला येऊ शकत नाही. अधिवेशनासाठी रजा देणारी, प्रवासखर्च सोसणारी शाळा बहुधा सुस्थितीतील उपनगरात असते.

त्यामुळे समित्यांत विद्यापीठातील मंडळींचे प्रमाण वाढण्याचा धोका सतत असतो. प्राध्यापकाच्या नोकरीत अशा सेवेची नोंद पदोन्नतीच्या वेळी होते. शाळेतील माणसाला तिचा काहीच व्यावहारिक लाभ नसतो. प्राध्यापकांचे योगदान मोलाचे आहे याविषयी दुमत नाही. मात्र समितीत तेच अधिक झाले तर ज्या कारणासाठी कार्यालयाऐवजी समितीवर भिस्त ठेवली, ते कारणच क्षीण होते. दूरस्थ बैठकींमुळे प्रवासाचा प्रश्न बराचसा सुटला. रात्री आठ वाजता, दिवसभराच्या कामानंतर संगणकापुढे बसण्याचा थकवा मात्र त्याने कमी केला नाही. अल्पसंख्याक समाजांतील तरुणांनी या व्यवसायात यावे म्हणून १९९५ पासून सदस्यांच्या देणग्यांतून शिष्यवृत्ती दिली जाऊ लागली. असे विद्यार्थी पुढे व्यवसायात आले की विविधतेविषयीच्या प्रत्येक समितीवर त्यांनाच बोलावले जाते आणि त्यांच्यावरील ओझे इतरांपेक्षा वाढते, हाही एक परिणाम आहे.

शासनाच्या धोरणातील चढउतार ही आणखी एक बाब. २०२२ च्या एका केंद्रीय कायद्याने शाळांतील मानसिक आरोग्य सेवांसाठी आणि त्या देणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी शंभर कोटी डॉलर उपलब्ध झाले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने अनेक चालू अनुदाने पुढे न चालवण्याचा निर्णय कळवला आणि काही राज्यांनी न्यायालयात धाव घेतली. अशा वेळी लोकप्रतिनिधीला राष्ट्रीय आकडेवारीपेक्षा त्याच्या स्वतःच्या मतदारसंघातील कोणत्या शाळेतील कोणते पद जाणार, हे सांगणारा माणूस अधिक उपयोगी पडतो. ती माहिती बेथेस्डाच्या कार्यालयात तयार होत नाही. ती राज्य प्रतिनिधीजवळ असते.

एका समितीची पुढे संघटना होते

१९७० च्या दशकाच्या आरंभी नॅस्प आणि एपीएचा सोळावा विभाग यांनी मिळून आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी एक समिती नेमली. कॅल्विन कॅटरॉल आणि फ्रान्सिस मलन यांनी विविध देशांतील शालेय मानसशास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार करून ती जिवंत ठेवली. १९७५ मध्ये म्युनिक येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि १९८२ मध्ये या प्रयत्नाला 'इंटरनॅशनल स्कूल सायकॉलॉजी असोसिएशन' या संघटनेचे औपचारिक रूप मिळाले. २०११ मध्ये या संघटनेचे वार्षिक अधिवेशन भारतात, तमिळनाडूत झाले.

भारतात शाळेतील मानसशास्त्रीय सेवा निराळ्या वाटेने वाढली. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन-अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. त्यासाठी लागणारे निदान आणि प्रमाणपत्र मात्र शाळेबाहेर, मुंबईतील शीव रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांच्या विशेष चिकित्सालयांतून मिळत आले. जे काम अमेरिकेत शाळेतील कर्मचारी करतो ते येथे रुग्णालयाच्या दारी गेल्यामुळे शाळेच्या आत या व्यवसायाची स्वतंत्र ओळख रुजली नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात शैक्षणिक संस्थांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे म्हटले आहे. या तीन पदनामांची पात्रता, त्यांच्या कामाच्या सीमा आणि किती विद्यार्थ्यांमागे किती माणसे असावीत, या तपशिलांना आता संस्थांच्या पातळीवर भिडावे लागणार आहे. सेंट लुइसला जमलेल्या मंडळींपुढेही प्रथम हेच विषय होते आणि त्यांवर पहिला मसुदा लिहिण्यासाठी त्यांच्याजवळ पगारी माणूस नव्हता.